पाठीवरचे मूल आणि पहिली कादंबरी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत डॉक्टर मंडळींनी आरोग्यविषयक लेख द्यावा, असा जुना रिवाज आहे आणि तो मी आजवर इमानेइतबारे पाळला आहे. लसीकरण, उन्हाळ्यातील अतिसार, परीक्षेच्या दिवसांतच नेमकी उद्भवणारी पोटदुखी अशा विषयांवर माझी पाने भरून झाली आहेत. यंदा संपादकांच्या अनुमतीने ती वाट थोडी सोडते. गेली काही वर्षे दवाखाना सांभाळून मी एक कादंबरी लिहिण्याच्या खटपटीत आहे. ती अद्याप पूर्ण झालेली नाही, त्यामुळे हा लेख म्हणजे तिची जाहिरात नव्हे. परंतु या खटपटीत इतिहासाविषयी, लेखनाविषयी आणि आपण ग्वाल्हेरच्या मराठी माणसांविषयी माझे जे मत बनत गेले, ते आपल्यापुढे मांडावेसे वाटते.

पहिली कादंबरी लिहू पाहणाऱ्याला माहितीचा तुटवडा पडतो, अशी एक समजूत आहे. विषय ऐतिहासिक असेल तर ही समजूत अधिकच पक्की असते. वस्तुतः माहिती हवी त्याहून जास्तच सापडते. अडते ते दुसरीकडे. मिळालेली प्रत्येक हकीकत कोणाच्या तोंडून आली आहे हे ओळखणे, आणि जिथे कोणीच काही सांगत नाही तिथे स्वतःच्या जबाबदारीवर बोलणे, या दोन ठिकाणी लेखणी थांबते.

यांपैकी पहिली गोष्ट आम्हा बालरोगतज्ज्ञांच्या तशी परिचयाची आहे. मोठ्यांच्या डॉक्टरांपुढे रोगी स्वतः बोलतो. आमच्यापुढे त्याच्या वतीने आई बोलते, आजी बोलते, आणि पुष्कळदा दोघींचे पटत नाही. म्हणून केसपेपरवर अगदी आरंभी माहिती कोणी दिली आणि ती कितपत भरवशाची आहे, हे नोंदवायचे असते. आजी म्हणते, तीन दिवसांपासून ताप आहे. आई म्हणते, कालपासून. वडील कचेरीतून परस्पर आलेले असतात. ते म्हणतात, विशेष काही नसावे. आणि ज्याला ताप आहे ते सात-आठ वर्षांचे पोर टेबलावर बसून पाय हलवीत सर्वांकडे पाहत असते. त्याला विचारले तर ते नेमके उत्तर देते. पण त्याला विचारावे, हे फारसे कोणाच्या मनात येत नाही.

माझ्या कादंबरीचा नायक असाच एक न विचारला गेलेला मुलगा आहे: दामोदरराव, झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचा दत्तक पुत्र.

राणीचे चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. उधळलेला घोडा, उगारलेली तलवार आणि पाठीशी बांधलेले मूल. चित्रांत आणि पुतळ्यांत हे मूल बहुधा दोन-अडीच वर्षांचे असते. शाळेच्या स्नेहसंमेलनात तर राणी झालेल्या मुलीच्या पाठीशी सरळ एक बाहुलीच बांधतात. आता हिशेब पाहावा. झाशी पडली आणि राणी किल्ल्यातून निसटली ती एप्रिल १८५८ मध्ये. दत्तकविधान झाले २० नोव्हेंबर १८५३ रोजी, गंगाधररावांच्या मृत्यूच्या आदल्या दिवशी. त्या वेळी मुलाचे वय पाच वर्षांचे होते असे सांगतात. त्याची जन्मतारीख मात्र १५ नोव्हेंबर १८४९ अशी छापलेली आढळते, म्हणजे त्या दिवशी त्याला जेमतेम चार वर्षे पूर्ण झालेली. कोणतेही वय खरे धरले, तरी झाशी सोडताना तो आठ ते साडेनऊ वर्षांचा होता. आमच्या व्यवसायातील मंडळींना वीचचे सूत्र आठवत असेल: वयाला सातने गुणावे, पाच वजा करावेत, दोनाने भागावे. आठ वर्षांना साडेपंचवीस किलो येतात. वेढ्यातल्या उपासमारीसाठी त्यातून चार किलो वजा करा. तरीही काल्पीपर्यंतच्या शंभर मैलांच्या आसपासच्या दौडीत ही काही पाठीवरची बाहुली नव्हे.

हा केवळ वजनाचा प्रश्न असता, तर मी कादंबरीच्या भानगडीत पडले नसते. स्मरणिकेत एक गमतीदार टिपण लिहून मोकळी झाले असते. पण वय बदलले की सगळी गोष्टच बदलते. दोन वर्षांच्या मुलाला काही आठवत नाही. साडेआठ वर्षांच्या मुलाला सारे आठवते. तोफांचे आवाज, कोणती दासी मागे राहिली, आपली कोणती वस्तू घ्यायची विसरली, आई घोड्यावर असताना काय बोलली आणि काय बोलली नाही. चित्रकारांनी त्याचे वय कमी केले आणि त्याबरोबर एक साक्षीदारही पुसून टाकला. ज्याला आपण वीरश्रीचे सामान समजत आलो, तो त्या प्रसंगातला सर्वांत जवळून पाहणारा माणूस होता.

त्याच्या बालपणाचे जे तुकडे कागदांत सापडतात, ते वाचताना तर माझ्यातला डॉक्टर वारंवार जागा होतो. त्याचे मूळचे नाव आनंदराव. राणीला स्वतःचा एक मुलगा झाला होता, तो काही महिन्यांचा होऊन गेला. त्याचे नाव दामोदर. दत्तक मुलाला तेच नाव देण्यात आले. गेलेल्या बाळाचे नाव घेऊन वाढणाऱ्या मुलाच्या मनावर काय ओझे असते, ते आपण दवाखान्यात आजही पाहतो. पुढे त्याच्या मुंजीची वेळ आली. त्याच्या नावे इंग्रज सरकारकडे जी रक्कम अडकून पडली होती, तिच्यातले एक लाख रुपये या मुंजीसाठी मागताना राणीला जामीनदार द्यावे लागले, असे चरित्रांतून वाचायला मिळते. चरित्रकार हा प्रसंग सरकारच्या हडेलहप्पीचा नमुना म्हणून सांगतात आणि ते योग्यच आहे. मला मात्र पाटावर बसलेला, डोक्याचा गोटा झालेला, मांडवातल्या कुजबुजीतून जामीन या शब्दाचा अर्थ लावू पाहणारा मुलगा दिसतो.

आता माहिती देणारे कोण, ते पाहू. वरसईचे विष्णुभट गोडसे झाशीच्या वेढ्यात प्रत्यक्ष होते. त्यांनी 'माझा प्रवास' लिहिला तो सुमारे पंचवीस वर्षांनी, भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून. वैद्यांनी तो १९०७ मध्ये प्रसिद्ध केला, पण स्वतःच्या संस्कारांसह. मूळ बखर जशीच्या तशी छापली जायला १९६६ साल उजाडावे लागले. ते काम दत्तो वामन पोतदारांनी केले. तेव्हा पन्नास-साठ वर्षे मराठी वाचक जे गोडसे भटजींचे म्हणून वाचत होता, त्यात वैद्यांचाही हात होता. पारसनिसांचे राणीचे चरित्र १८९४ चे. तेव्हा दामोदरराव इंदुरात हयात होते. य. न. केळकरांच्या 'इतिहासाच्या सहली' या १९५९ च्या पुस्तकात दामोदररावांची म्हणून एक हकीकत आहे. ती अत्यंत हृदयस्पर्शी आहे. पण तिच्यात त्यांचे स्वतःचे शब्द कितपत आणि घरोघर सांगितल्या जाणाऱ्या कथेची भर कितपत, याविषयी अभ्यासकांना शंका आहे. इंग्रज अधिकाऱ्यांचे अहवाल नेटके आणि तारीखवार आहेत, पण त्यांच्या लेखी हा मुलगा म्हणजे वारसाहक्काचा एक तंटा.

चार साक्षीदार आणि प्रत्येकाचे लक्ष मुलाखेरीज अन्यत्र. गोडसे भटजी काल्पीच्या वाटेवरच्या विहिरीचा प्रसंग सांगतात. तहानलेली राणी भटजींना पाणी काढू देत नाही, स्वतः काढून पिते. वाचणाऱ्याचे डोळे राणीसाठी भरून येतात. माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हा, की दौडीने शिणलेल्या त्या मुलाच्या ओंजळीत पाणी कोणी ओतले?

राणी कोणत्या दिवशी पडली, यावरही दोन मते आहेत. इंग्रजी अहवालांप्रमाणे १७ जून १८५८. आपल्याकडे १८ जून रूढ. फूलबागेत समाधीपाशी जूनच्या या दिवसांत दरवर्षी बलिदान मेळा भरतो, त्यामुळे ही तारीख ग्वाल्हेरकरांना पाठ असते. या एका दिवसाच्या फरकावर मी किती आठवडे घालवले, ते सांगत नाही. शेवटी लक्षात आले, की त्या मुलाला तारीख ठाऊकच नव्हती. त्याला एवढेच ठाऊक होते, की सकाळी आई होती.

येथे एक नाजूक विषय येतो. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला ही कथा जरा अडचणीची आहे. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज शिंद्यांच्या चाकरीत होते. अन्न त्या दरबाराचे खाल्ले. कितीतरी घरांत श्रीमंत महाराजांची तसबीर आणि राणीची तसबीर एकाच भिंतीवर शेजारी शेजारी टांगलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि त्या दोघांच्या मधल्या जागेविषयी कोणी बोलत नाही. १ जून १८५८ रोजी मुरारजवळ शिंद्यांच्या फौजेतील बहुतेकांनी तात्या टोपे आणि रावसाहेबांच्या बाजूने पाय ठेवला, जयाजीरावांना आग्र्याकडे जावे लागले, आणि अठरा-एकोणीस दिवसांनी इंग्रजी फौजेबरोबर ते परत आले. सुभद्राकुमारी चौहान यांच्या कवितेमुळे या प्रदेशातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला या प्रकरणाची एक बाजू कळलेली असते. माझा विषय ऐकल्यावर एक वयोवृद्ध स्नेही मला म्हणाले, "डॉक्टरीणबाई, दुसरा विषय नव्हता का?" त्यांचा प्रश्न मी हसण्यावारी नेला नाही. पण माझे मत असे, की हा विषय ग्वाल्हेरच्याच माणसाने लिहायला हवा. पुण्याच्या लेखकाला ही एक घटना आहे. आपल्याला तो शेजार आहे. राजनिष्ठा आणि पराक्रम यांचा हिशेब आपण मोठी माणसे मांडत बसतो. त्या मुलाला ग्वाल्हेर कसे दिसले असेल? कितीतरी आठवड्यांच्या पळापळीनंतर त्याला एक असे शहर लागले, जिथे रस्त्यावर आपली भाषा ऐकू येत होती आणि वाड्यावाड्यांतून आपल्यासारखी माणसे होती. रावसाहेबांनी विजयाप्रीत्यर्थ ब्राह्मणभोजने घातली. राणीला हा वेळेचा अपव्यय वाटला आणि इतिहासकारांनी तिला दुजोरा दिला. मुलाला मात्र त्या पंक्तीत पोटभर गोडधोड मिळाले असेल. माझ्या कादंबरीत तो त्या दिवशी आनंदात आहे, आणि हे लिहिताना मला राणीविषयी जराही अनादर वाटत नाही.

आपल्या आधी ज्यांनी ही वाट चालली, त्यांचे काय झाले हे पाहण्याचा मोह प्रत्येक नवशिक्याला होतो. 'कोसला' ही भालचंद्र नेमाडे यांची पहिली कादंबरी थोड्या दिवसांतच लिहून झाली, असे सांगतात. ते भाग्य आमचे नव्हे. स्वतःच्या तारुण्याची कथा सांगायला दप्तरखान्यात जावे लागत नाही. मला अधिक जवळचे वाटतात ते शिवाजी सावंत. कोल्हापुरात शाळामास्तरकी करणाऱ्या या तरुणाची पहिलीच कादंबरी 'मृत्युंजय'. ती १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांनी वयाची सत्ताविशीही धड ओलांडली नव्हती. महाभारताचा दीर्घ अभ्यास करूनही त्यांचे समाधान होईना, म्हणून ते कुरुक्षेत्र पाहायला गेले. व्यवहारी माणूस विचारील, की तिथे आज काय उरले आहे? रथाचे चाक थोडेच सापडणार होते! तरीही ते गेले हे मला फार महत्त्वाचे वाटते. आणि त्यांनी काय केले? कथा एकट्या कर्णाला सांगू दिली नाही. नऊ प्रकरणांत कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण असे सहा जण आपापल्या तोंडाने बोलतात. आमच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक प्रकरणावर माहिती कोणी दिली, त्याचे नाव लिहिलेले आहे.

दुसरे उदाहरण तर आपल्या अंगणातले. महाश्वेतादेवींचे पहिले पुस्तक म्हणजे १९५६ चे 'झाँसीर रानी'. रूढ अर्थाने ती कादंबरी नव्हे, चरित्र आहे; पण त्यामागची तगमग कादंबरीकाराचीच आहे. घरी लहान मुलगा, हाती पैसा नाही, आणि ही बंगाली बाई बुंदेलखंडात येऊन खेड्यापाड्यांतली गाणी आणि आख्यायिका टिपून घेत, राणीच्या नातलगांचा शोध घेत हिंडते. आपण मराठी माणसे ज्या राणीला आपली म्हणतो, तिच्यासाठी एवढी पायपीट कलकत्त्याहून येऊन कोणीतरी करावी, हे वाचून मला आनंद झाला आणि थोडी लाजही वाटली. वृंदावनलाल वर्मा तर झाशीचेच. पेशाने वकील, त्यांचे पूर्वज राणीच्या बाजूने लढलेले. 'झाँसी की रानी लक्ष्मीबाई' ही त्यांची १९४६ ची कादंबरी घरात ऐकलेल्या गोष्टींवर पोसलेली आहे. कोर्टकचेरी सांभाळून त्यांनी एवढे लिहिले, ही गोष्ट वेळ मिळत नाही म्हणणाऱ्या आम्हा व्यावसायिकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

सावंतांचे पाहून मीही एका जूनमध्ये भर दुपारी कोटा की सराय गाठली. शहराच्या आग्नेयेला, टेकड्यांच्या पलीकडे. जिथे राणीचा घोडा अडला असे सांगतात, ती स्वर्णरेखा आपण रोज पाहतो. तिचा आता काँक्रीटचा नाला झाला आहे. पारा पंचेचाळिशीच्या पुढे होता. अर्ध्या तासात माझी जीभ कोरडी पडली, मोटारीतले पाणी चहासारखे झाले होते. सर ह्यू रोजच्या फौजेत त्या उन्हाळ्यात गोळीइतकाच ऊन लागण्याचा धाक होता, खुद्द सेनापतीलाही उष्माघाताने गाठले, हे मी पुस्तकात वाचले होते. तिथे उभी राहिल्यावर ते अंगाला कळले. त्या भेटीतून माझ्या कादंबरीत जेमतेम सहा ओळी आल्या, पण त्या सहा ओळींसाठी मी कोणाचाही हवाला देणार नाही.

डॉक्टरने ऐतिहासिक कादंबरी लिहिण्यात आणखी एक पेच आहे. आपल्याला जे ठाऊक आहे ते विसरावे लागते. राणी पडल्यानंतर रामचंद्रराव देशमुख आणि इतर विश्वासू माणसे मुलाला घेऊन बुंदेलखंडाच्या जंगलांत सुमारे दोन वर्षे लपतछपत राहिली. पावसाळ्यात मुलगा फार आजारी पडला, असे ती हकीकत सांगते. वाचताक्षणी माझ्या हातून निदान सुटू पाहते: मलेरिया असावा. पण लव्हेराँने मलेरियाचा परजीवी पाहिला १८८० मध्ये आणि रॉसने डासाचा गुन्हा सिद्ध केला १८९७ मध्ये. जंगलातल्या त्या माणसांना तो हिवताप होता; कोणाला तो ओल्या वाऱ्याचा, कोणाला बाहेरचा वाटला असेल. ताप मोजायला आपल्या खिशातला थर्मामीटर नव्हता. ते आटोपशीर यंत्र ऑलबटने त्यानंतर सात-आठ वर्षांनी केले. म्हणजे रामचंद्ररावांनी पालथा हात मुलाच्या कपाळावर ठेवला असणार. जुलाब होऊन मूल कोमेजले, तर मीठ-साखर-पाण्याचे जे साधे शास्त्र दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत हजारोंवर वापरून दाखवले, ते तिथे कोणालाही ठाऊक नव्हते. चाळीस वर्षांच्या सवयीने माझा हात त्या मुलाला वाचवायला पुढे होतो. कादंबरीत तो मागे घ्यावा लागतो. त्याला ज्यांनी वाचवले, त्यांनी या कशाशिवाय वाचवले, आणि तेच तर लिहायचे आहे.

आता जरा स्पष्ट बोलते. संशोधन ही लेखन लांबणीवर टाकण्याची सर्वांत प्रतिष्ठित सबब आहे. आपल्या व्यवसायातही असे असतेच. निदान करण्याचा धीर होत नाही तेव्हा आपण आणखी एक तपासणी लिहून देतो. रोग्याला वाटते, डॉक्टर कसून काम करीत आहेत. एका ग्रंथालयात मी लागोपाठ तीनदा गेले आणि तिन्ही वेळा कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती ते गृहस्थ रजेवर होते. खरे सांगायचे तर तिसऱ्यांदा मला थोडे हायसेच वाटले, कारण त्या दिवशीही लिहायला बसावे लागणार नव्हते. पूर्वी राष्ट्रीय अभिलेखागारातील कागद पाहायला दिल्लीची वारी करावी लागे. आता अभिलेख पटलावर त्यांतले कितीतरी कागद घरबसल्या दिसतात, रात्री अकराला दवाखाना आवरल्यावरही. वारीची सबब गेली आणि कागदांचा लोंढा मात्र वाढला. ज्या दिवशी पुढचा कागद आपला मजकूर बदलणार नाही असे वाटते, त्या दिवशी पेटी मिटावी असे मला वाटते. पंडितांना हे पटणार नाही. पण पंडितांना कादंबरी लिहायची नसते.

पेटी मिटल्यावर उरतो तो कल्पनेचा भाग, आणि तिथे पाऊल जपून टाकावे लागते. खऱ्या, नाव असलेल्या, ज्यांचे वंशज आहेत अशा माणसांविषयी काय रचावे? आनंद यादवांसारख्या ज्येष्ठ लेखकाला 'संतसूर्य तुकाराम' मागे घ्यावी लागली आणि २००९ च्या महाबळेश्वर साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून पायउतार व्हावे लागले. त्या वादाच्या दोन्ही बाजूंविषयी बोलण्याचे हे स्थळ नाही. पण लेखकाला मुका करून इतिहासाचा सन्मान राखला जातो, असे मला वाटत नाही. माझ्यापुरता मी एक नियम केला आहे. कागद जिथे बोलतो तिथे त्याच्या विरुद्ध जायचे नाही. दोन कागद भांडत असतील तर मुलाला जे दिसणे शक्य होते ते घ्यायचे. आणि जिथे सगळे गप्प आहेत तिथे मुलाला बोलू द्यायचे, पण प्रस्तावनेत वाचकाला सांगायचे की हे बोलणे माझे आहे.

तो कोणत्या भाषेत बोलेल, हा प्रश्न मला सर्वांत अवघड गेला आणि त्याच्या उत्तराने सर्वांत अधिक आनंद दिला. पुण्यातल्या एका जाणकार स्नेह्यांना काही पाने वाचायला दिली होती. त्यांनी प्रेमाने शेरा मारला की भाषेला हिंदीचा वास येतो. येणारच! माझे माहेर आणि सासर दोन्ही लष्करातले. माझ्या दवाखान्यात मराठी आई सांगते, "बाळ दूध फेकून राहिलं आहे", "मला रात्रीच माहीत पडलं", "उद्या आम्ही दिल्ली जातो आहोत." या बोलण्याला आपण स्वतःच हसतो, आणि पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की जीभ सावरून बोलतो. मी शेरा मनावर घेऊन काही पाने शुद्ध करून पाहिली. मुलगा त्या पानांतून नाहीसा झाला. मग ध्यानात आले, की नेवाळकर मूळचे कोकणातले कऱ्हाडे. पण हे पोर वाढले झाशीत, बुंदेली दासदासींच्या अंगाखांद्यावर. मुंजीत मंत्र संस्कृत, आईशी मराठी, आणि पतंग कटला की तोंडातून येणार ती बुंदेली. त्याच्या तोंडी सदाशिव पेठेतली भाषा घालणे, हे चित्रकारांनी त्याचे वय कमी करण्याइतकेच खोटे होईल. उत्तरेत दोन-अडीचशे वर्षे राहून आपल्या मराठीने जे रूप घेतले, ते बिघडलेले नाही, राहिलेले आहे. या मुलाची कथा सांगायला तीच भाषा योग्य आहे, आणि ती आपल्याखेरीज कोणाजवळ नाही. आपली नातवंडे हिंदी-इंग्रजीत रमली आहेत. ही कादंबरी ती वाचतील का, याची मला शंका आहे. पण वाचक किती, हे मोजून लिहिण्याचे वय माझे उरलेले नाही.

पुढची कथा थोडक्यात अशी. मे १८६० मध्ये, झालरापाटणमार्गे, अकरा वर्षांच्या आसपासच्या या मुलाला इंदूरला इंग्रज अधिकाऱ्याच्या स्वाधीन करण्यात आले. त्याला पेन्शन मिळाली. तिचे आकडे निरनिराळे सांगतात. १९०६ मध्ये इंदुरातच त्याचा अंत झाला. वयाच्या अकराव्या वर्षानंतर तो शेहेचाळीस वर्षे जगला, आणि या शेहेचाळीस वर्षांना आपल्या चित्रात जागा नाही. माझी कादंबरी अजून जंगलातच आहे. पाऊस लागला आहे, गावकरी आसरा द्यायला धजत नाहीत, आणि मुलाचा ताप उतरलेला नाही.

या टप्प्यावर मला आपल्या सर्वांची मदत हवी आहे, आणि या स्मरणिकेत लिहिण्याचे तेही एक कारण आहे. आपल्या जुन्या वाड्यांतून, माळ्यांवरच्या पत्र्याच्या पेट्यांतून मोडी कागद अजून आहेत. वाडे पाडून सदनिका होत आहेत आणि पेट्या रद्दीवाल्याकडे जात आहेत. मोडी शाळेतून गेल्याला आता तीन पिढ्या होत आल्या, त्यामुळे कागद कशाचा आहे हे घरातल्या कोणालाच सांगता येत नाही. सनदा आणि दरबारी पत्रे लोक जपून ठेवतात, फ्रेम करतात. त्या मला नकोत. मला हव्या आहेत वाणसामानाच्या याद्या, वैद्याच्या औषधांचे हिशेब, बारशाच्या आणि मुंजीच्या खर्चाच्या वह्या. १८५८ च्या जूनमध्ये लष्करातल्या एखाद्या घरात लहान मुलासाठी सुंठ, वावडिंग किंवा खडीसाखर कोणत्या भावाने आणली, हे ज्या कागदावर लिहिले असेल, तो कागद रद्दीत टाकण्यापूर्वी कृपा करून मला एकदा दाखवावा. मोडी वाचणारे एक गुरुजी आपल्या गावात आहेत. रविवारी दुपारी ते माझ्याकडे येतात.